नीळकंठासाठी रात्रभर गाडी कोण चालवतं?

रात्री साडेअकराला ग्रुपवर एक फोटो पडला, खाली लोकेशनची पिन. पावणेबाराला आम्ही चौघं माझ्या गाडीत होतो. दुसऱ्या दिवशी सोमवार, दहाला स्टँडअप मीटिंग. वाटेत धाब्यावर चहा पिताना तिघांनी आपापल्या मॅनेजरला 'ताप आहे' असा मेसेज टाकला. पहाटे पाचला तलावाच्या काठी पोचलो, तर तिथं आधीच वीसेक गाड्या उभ्या.

उजाडलं आणि पक्षी दिसला. त्याचं नाव लिहीत नाही, तलावाचंही नाही. लिहिलं तर हा लेखसुद्धा एक पिनच होईल. एवढंच सांगतो की तो वाट चुकून महाराष्ट्रात आला होता, एकटा होता आणि फारसा हलत नव्हता. आम्ही चाळीसेक जण त्याच्यावर लांबलचक लेन्स रोखून उभे होतो. कुणीतरी 'अजून थोडं पुढं' म्हणायचं आणि अख्खी रांग चार पावलं सरकायची. पक्षी तेवढाच मागं सरकायचा.

मागच्या हरभऱ्याच्या रानातून एक म्हातारे शेतकरी आले. एवढी गर्दी बघून त्यांनी विचारलं, "कुणी बुडालं का काय?"

मी म्हटलं, नाही बाबा, एक पक्षी आलाय, वाट चुकून. त्यांनी पाण्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. "मग त्याला वाटंला लावायला आलाय व्हय एवढी माणसं?"

कुणाकडंच उत्तर नव्हतं. "बरं, जाताना तरी हरभऱ्यातनं जाऊ नका," एवढं बोलून ते गेले. आम्ही हरभऱ्यातूनच आलो होतो.

तो पक्षी माझ्या यादीत आहे. 'लाइफर' म्हणतात त्याला, म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा बघितलेली जात. तेव्हा मी हे काही लांब उभं राहून, हात झटकून लिहीत नाहीये. दुर्मीळ पक्ष्यांच्या अलर्टसाठी मी फोनवर वेगळी रिंगटोन लावली होती. आईच्या फोनला वेगळी रिंगटोन नव्हती.

पण त्या बाबांचा प्रश्न डोक्यातून गेला नाही, आणि वर्षभर त्यावर विचार करून मी ज्या मताला आलो ते सरळ मांडतो. वाट चुकलेल्या पक्ष्यामागे झुंडीनं धावण्याला आपण पक्षीनिरीक्षण म्हणणं बंद करावं. ते यादी भरणं आहे. आणि या यादीपायी आपले डोळे, पेट्रोल आणि रविवार ज्या जागांना मिळत नाहीत, त्या जागा कागदावर रिकाम्या दिसायला लागतात. कागदावर रिकाम्या दिसणाऱ्या जागेचं काय होतं, हे आम्हा गडचिरोलीच्या लोकांना चांगलं माहीत आहे.

आधी त्या चुकलेल्या पक्ष्याबद्दल. स्थलांतर करणाऱ्या कितीतरी जातींमध्ये पिल्लांना दिशा आणि अंतर हे उपजतच मिळालेलं असतं. आईबापांशिवाय, पहिल्याच वर्षी, ती हजारो किलोमीटर उडतात. यात एखाद्याचं होकायंत्र बिघडलेलं निघतं आणि तो आग्नेयेऐवजी नैर्ऋत्येला जातो. कधी वादळ उचलून नेतं. पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर मास्क्ड बूबीसारखे खोल समुद्रातले पक्षी थकून पडलेले सापडतात, ते असेच. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पक्ष्यांना कडी घालण्याच्या साठ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ असते त्या काळात जास्त पक्षी भरकटतात असं दिसलं. कारण काहीही असो, असा पक्षी बहुतेक वेळा दमलेला असतो, उपाशी असतो, आणि त्याच्या जातीचं दुसरं कुणी आसपास नसतं. आपण ज्याला 'मेगा' म्हणून नाचतो तो त्याच्या बाजूनं अपघात असतो. 'कुणी बुडालं का' हा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

आता खरी आणि सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट घेऊ. फेब्रुवारी २०२१. आसामातल्या तिनसुकिया जिल्ह्यात मागुरी-मोटापुंग बिलावर एक मँडरिन बदक दिसलं. चीन, जपान, कोरिया, रशियाचा पूर्व भाग हे त्याचं घर. या भागातली आधीची नोंद १९०२ ची, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांपूर्वीची. नारिंगी, जांभळा, हिरवा, पांढरा, जणू लहान मुलानं सगळे खडू संपवून रंगवलेला पक्षी. तो फोटो देशभर फिरला. माझ्या ऑफिसात ज्यांना कावळा आणि कोकीळ यांत फरक कळत नाही त्यांनीही मला तो पाठवला. लोक विमानानं गेले.

याच बिलाच्या शेजारी, आठ-नऊ महिने आधी, २७ मे २०२० रोजी बागजानची वायूविहीर फुटली होती. ९ जूनला तिनं पेट घेतला. दोन अग्निशामक जवान गेले, हजारो माणसं छावण्यांत गेली, पाण्यावर तेलाचा थर पसरला, मासे मेले, गवताळ पट्टा जळाला. आग पूर्ण विझायला नोव्हेंबर उजाडला. आता स्वतःला विचारा, बागजान हे नाव तुम्हाला आठवत होतं, की ते बदक?

बदक आलं म्हणून नावाड्यांना काम मिळालं, हे मला मान्य आहे. त्या वर्षी त्यांना त्याची गरजही होती. पण त्या पाण्यातल्या साध्या पक्ष्यांचं, रोजच्या पाणकोंबड्यांचं, बगळ्यांचं आगीआधी काय होतं आणि आगीनंतर काय झालं, हे सांगायला बदक कामाचं नाही. त्यासाठी कुणीतरी तिथं कंटाळवाण्या मंगळवारीसुद्धा मोजत बसलेलं असावं लागतं.

दुर्मिळतेच्या वेडाला जुना इतिहास आहे. इंग्लंडमध्ये हेस्टिंग्ज गावाच्या आसपास १८९२ ते १९३० या काळात अशक्य वाटावेत इतके भरकटलेले पक्षी 'सापडले'. पेंढा भरलेल्या पक्ष्यांना तेव्हा भाव होता, आणि ब्रिटनमध्ये मारलेला दुर्मीळ पक्षी संग्राहक जास्त पैसे देऊन घ्यायचे. १९६२ साली 'ब्रिटिश बर्ड्स' या मासिकानं आकडेवारी मांडून दाखवलं की या नोंदींवर विश्वास ठेवता येत नाही. ब्रिटनच्या यादीतून २९ जाती-उपजाती काढून टाकाव्या लागल्या. आज बंदुकीच्या जागी कॅमेरा आलाय आणि पैशाच्या जागी लाइक्स. हाव मात्र तीच आहे.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. रानपिंगळा. खानदेशात १८८४ साली मिळालेल्या नमुन्यानंतर हा पक्षी कुणाला 'दिसला' नाही. मध्ये एक नमुना होता, रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश कर्नलचा, १९१४ साली गुजरातेत मिळवल्याचा दावा असलेला. लोक त्या भागात शोधत राहिले. पुढे पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने तपासले, तेव्हा कळलं की कर्नलसाहेबांनी दुसऱ्याचा जुना नमुना चोरून, नव्यानं शिवून, खोटं लेबल लावलं होतं. ते लेबल बाजूला ठेवून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नोव्हेंबर १९९७ मध्ये खऱ्या जागी, शहाद्याजवळच्या जंगलात गेले, आणि रानपिंगळा सापडला. ११३ वर्षांनी.

हा पिंगळा दिवसाढवळ्या वावरतो. उघड्या फांदीवर बसतो. तो हरवलेला नव्हताच. शहाद्याच्या रानात लाकूडफाट्याला जाणाऱ्या बाईच्या डोक्यावर तो एकशे तेरा वर्षं बसलेला असणार. हरवलं होतं आपलं लक्ष. नंतर नीट शोधायला लागल्यावर तो मेळघाटात सापडला, यावलमध्ये सापडला आणि २०१४ साली मुंबईच्या उंबरठ्यावर, तानसा अभयारण्यातही सापडला. 'दुर्मीळ' या शब्दात पक्षी किती आहेत हे जेवढं असतं, तेवढंच बघणारे कुठं गेले हेही असतं.

आणि इथं माझ्या गावाचा संबंध येतो. मी मुलचेरा तालुक्यातला. गडचिरोली जिल्ह्यात, आष्टी-आलापल्लीच्या अंगाला. शेजारी चपराळा अभयारण्य, जिथं वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. पलीकडच्या काठाला तेलंगण. तालुक्यात साग, मोह, धानाची शेतं, माडिया-गोंडांची गावं, आणि पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना सरकारनं वसवलेली गावंही. आमच्या बाजारात एका वेळी चार भाषा ऐकू येतात.

त्या तलावावरून परत आल्यावर मी एक साधी गोष्ट केली. ईबर्डवरची माझी सगळी यादी काढली आणि जिल्ह्यानुसार लावली. आसाम होतं, कच्छ होतं, गोवा होतं. गडचिरोली: शून्य. ज्या गावात मी अठरा वर्षं वाढलो, जिथं दर दिवाळीला जातो, तिथली एकही नोंद नाही. मग मी तालुक्याचा नकाशा उघडला. माझ्यासारखेच सगळे. ताडोबाच्या बाजूला ठिपक्यांची दाटी आणि आमच्या बाजूला नुसता पांढरा कागद.

मी डेटाबेसवर काम करतो. आमच्या धंद्यात पहिल्या महिन्यात शिकवतात की 'शून्य' आणि 'नल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य म्हणजे मोजलं आणि काही निघालं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही. यांची गल्लत केली तर रिपोर्ट चुकतो. मुलचेरा नल आहे. पण रस्ता रुंद करताना, खाण वाढवताना, जंगलाची जमीन वळती करताना जेव्हा अहवाल लिहिला जातो, तेव्हा नलचं शून्य व्हायला वेळ लागत नाही. ज्या जागेची नोंद नाही तिथं 'विशेष काही आढळत नाही' हे वाक्य लिहिणं फार सोपं असतं, आणि जनसुनावणीत उभं राहून ते खोडून काढायला हातात कागद नसतो. सूरजागडच्या डोंगरावरून लोहखनिज भरून येणारे ट्रक आलापल्ली-आष्टी रस्त्यावर आता रोजचे झालेत. त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दहा वर्षांपूर्वी कोणते पक्षी किती होते, हे कुणी विचारलं तर आपण काय दाखवणार? कुणाच्या तरी आजोबांची आठवण?

साधे पक्षी मोजून काय मिळतं, असं विचारणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, गिधाडं. १९८० च्या दशकात गिधाड बघायला कुणी गाडी काढत नव्हतं. ती ढिगानं होती. नव्वदच्या दशकात ती कोसळली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून जास्त घटली. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे कारण २००४ मध्ये उघड झालं आणि २००६ मध्ये भारतानं जनावरांसाठी त्याच्यावर बंदी घातली. एवढी घट झाली हे कळलं, कारण काही जणांनी गिधाडं साधी होती तेव्हाही मोजून ठेवली होती. आज गडचिरोलीत वनखातं गिधाडांसाठी 'उपाहारगृह' चालवतं, त्यांना औषधमुक्त मांस मिळावं म्हणून. जो पक्षी फुकट होता त्याच्यासाठी आता ताट मांडावं लागतं.

दुसरी गोष्ट, २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल. ३० हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदींवर तो उभा आहे. ही आपली, हौशी लोकांची कमाई आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण ९४२ जाती तपासल्यावर दीर्घकाळचा कल फक्त ३३८ जातींचा सांगता आला. त्यातल्या २०४ घटल्या आहेत. बाकीच्या सहाशेहून जास्त जातींबद्दल सांगण्याइतकी माहितीच नाही. एका तलावावर एकाच पक्ष्याची चाळीस जणांनी केलेली चाळीसावी नोंद यात काय भर घालते? आमच्या भाषेत ती डुप्लिकेट एंट्री. त्याच चाळीस जणांनी त्या सकाळी चाळीस वेगळ्या गावांत पंधरा-पंधरा मिनिटं उभं राहून जे दिसलं ते सगळं लिहिलं असतं, तर तो डेटा झाला असता.

याच अहवालात एका पक्ष्याचं नाव वाचून मी थांबलो. नीळकंठ. ३० टक्क्यांहून जास्त घटलेल्या आणि जागतिक धोक्याच्या यादीत पुन्हा तपासाव्यात अशा १४ जातींमध्ये तो आहे. तारेवर बसणारा, बसलेला असताना मातकट आणि उडाला की निळा भडका होणारा आपला नीळकंठ.

विदर्भात दसऱ्याला नीळकंठ दिसणं शुभ मानतात. माझी आजी सोनं लुटायला जायच्या आधी आम्हा पोरांना शेताकडं पिटाळायची, "जा रे, नीळकंठ पाहून या." आमच्या बंगाली शेजाऱ्यांकडंही त्याचं नाव नीलकंठच, आणि त्यांच्याकडं विजयादशमीला दुर्गा सासरी निघाली की हा पक्षी पुढं उडून कैलासावर शंकराला वर्दी देतो. प्राणहितेपलीकडं त्याला पालापिट्टा म्हणतात. तो तेलंगणाचा राज्यपक्षी आहे आणि दसऱ्याला तिकडंही लोक त्याला शोधत बाहेर पडतात. तीन भाषांतली माणसं एकाच दिवशी एकाच साध्या पक्ष्यासाठी घराबाहेर पडतात. आपल्या क्लबांच्या आणि ॲपच्या कितीतरी आधीपासून चाललेलं हे पक्षीनिरीक्षण आहे. त्यालाही हाव लागली की काय होतं तेही दिसतं. हैदराबादेत या दिवशी पकडलेला पालापिट्टा पिंजऱ्यात घालून दर्शनाला फिरवतात, आणि प्राणिमित्रांना दर वर्षी त्याविरुद्ध ओरडावं लागतं.

पण त्या नीळकंठासाठी रात्रभर गाडी कोण चालवतं? कुणीच नाही. तो सगळ्यांच्या यादीत आधीच 'टिक' झालेला आहे.

आता तुमचे आक्षेप. मला ते पाठ आहेत, कारण मीच ते दिले आहेत.

'दुर्मीळ पक्ष्यामुळे नवी माणसं या छंदात येतात.' खरं आहे. मीही तसाच आलो. पण दहा वर्षांनीही आपण फक्त त्याच्यासाठीच बाहेर पडत असू, तर आलो कुठं?

'भरकटलेले पक्षी विज्ञानाला महत्त्वाचे असतात.' हेही खरं. सैबेरियातल्या रिचर्ड्स पिपिटबद्दल असं दिसलंय की पश्चिम युरोपात 'चुकून' येणारे काही पक्षी आता दर हिवाळ्याला दक्षिण फ्रान्समध्ये परततात, म्हणजे चुकीतून नवा रस्ता तयार होतोय. पण हे कळलं ते पुन्हा पुन्हा त्याच साध्या माळावर जाऊन बघणाऱ्यांमुळे. फोटो काढून दुपारी घरी परतणाऱ्यांमुळे नाही.

'एक दुर्मीळ पक्षी बघायला लोक गेले की तिथं आणखी चार सापडतात.' कधीकधी सापडतात. मग उरलेले दिवसभर तिथं थांबा की! आम्ही साडेआठला मिसळ खायला निघालो होतो.

'मग काय, आता मुलचेऱ्यात झुंडी आणायच्या?' नाही, देवा. झुंड नको. मला एक माणूस हवाय, शक्यतो तिथलाच. बाहेरून कॅमेरे आणून पुन्हा एकदा 'आम्ही शोधलं' म्हणणारे तर अजिबात नकोत. तालुक्याच्या कॉलेजातली पोरं, अंगणवाडीच्या ताई, वनरक्षक, माझ्यासारखे पुण्या-नागपूरला नोकरी करून सणाला गावी जाणारे. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. ॲप नेटवर्क नसतानाही नोंद घेतं, मराठी नावं दाखवतं, पंधरा मिनिटांची यादी पुरते. शेवटी ते विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का? त्या प्रश्नाला 'हो' म्हणता आलं की झालं. सातभाई, कोतवाल, वेडा राघू, होला. कुणी लाइक करणार नाही. तरी लिहा.

आणि ज्यांना पिनमागे जायचंच आहे त्यांच्यासाठी माझी एक अट. मी ती स्वतःवर लावून घेतली आहे. एका वाट चुकलेल्या पक्ष्याला दहा साध्या याद्या, आणि त्याही जिथं नकाशा पांढरा आहे तिथं. त्या दहा आधी, मग गाडी. घरट्याची आणि थकलेल्या पक्ष्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही. फोनवर आवाज वाजवून त्याला जवळ बोलवायचं नाही. आणि कुणाच्या हरभऱ्यातून जायचं नाही. गेलोच, तर त्या माणसाला शोधून नुकसान भरून द्यायचं. मी ते केलं नाही. मला त्या बाबांचं नावही माहीत नाही.

गेल्या दसऱ्याला गावी होतो. सकाळी साडेसहाला शेताकडच्या रस्त्यावर उभा राहिलो, हातात फोन, गळ्यात दुर्बीण. शेजारचे बंगाली काका सायकलवरून आले आणि थांबले. "नीलकंठ बघतोस?" मी हो म्हटलं. त्यांनी तारेकडं बोट केलं. "आधी इथून बाजारापर्यंत जाताना प्रत्येक दोन-तीन खांबांवर एक असायचा. तेव्हा मोजायला कुणी नव्हतं." मग तेही थांबले माझ्याबरोबर, सायकलला टेकून.

पंधरा मिनिटांत अठरा जाती झाल्या. सातभाई ७. गायबगळे २२. कोतवाल ४. नीळकंठ १.

ॲपनं विचारलं, सगळे पक्षी लिहिलेत का? मी 'हो' दाबलं. नकाशावर आमच्या गावाजवळ एक ठिपका आला. काका म्हणाले, "उद्या पण ये. उद्या त्या तळ्याच्या बाजूला बघू."